विणलेल्या चामड्याची बॅग : बोत्तेगा व्हेनेता घ्यावी का, आणि घेतली तर कोणती?

पारिजातक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये कार्यालयीन कामानिमित्त मिलानला जाण्याचा योग आहे आणि त्या वेळी बोत्तेगा व्हेनेता या इटालियन कंपनीची विणलेल्या चामड्याची बॅग घ्यावी, असा विचार बरेच दिवस मनात घोळतो आहे. या बॅगेवर बाहेरून कोठेही नाव नसते, मोठाली अक्षरे नसतात. असते ती फक्त चामड्याच्या पट्ट्यांची तिरकी वीण. आमच्या कार्यालयातल्या एका वरिष्ठ बाईंच्या खांद्याला ती प्रथम पाहिली, तेव्हा बैठकीतल्या आकडेवारीपेक्षा माझे लक्ष त्या विणीकडेच जास्त होते. पट्ट्या कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात हे शोधण्याचा मी बराच प्रयत्न केला, पण एकही टोक दिसले नाही.

माझी परिस्थिती सांगते, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल. मी ठाण्यात राहते, नोकरी लोअर परळला आहे आणि प्रवास बहुतेक वेळा लोकलने होतो. जेवणाच्या डब्यासाठी वेगळी पिशवी असते, पण चष्मा, पाकीट, औषधांची डबी, एक वही आणि दोन फोन एवढे तरी या बॅगेत मावले पाहिजे. पैसे मी स्वतः साठवलेले असल्यामुळे घरून कोणाची आडकाठी नाही; सासूबाईंनी मात्र "एवढ्या पैशांत बांगड्या झाल्या असत्या, आणि अडीनडीला त्या मोडताही आल्या असत्या," असे सुनावले आहे, आणि निव्वळ हिशेब पाहिला तर त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही.

या विणीचे जे कौतुक होते ते नेमके कशाचे आहे, की किंमत भरमसाट असल्यामुळेच ती आपल्याला सुंदर वाटते, हा माझा पहिला प्रश्न. जोडी, कासेट, आंदियामो, काबा, व्हेनेता अशी इतकी नावे समोर येतात की डोके गरगरते. त्यांपैकी माझ्यासारखीने कोणती पाहावी? आपल्याकडच्या दमट हवेत हे मऊ चामडे टिकते का? वापरलेली जुनी बॅग घेण्याचीही माझी तयारी आहे. ज्यांनी ही बॅग प्रत्यक्ष वापरली आहे किंवा ज्यांना चामड्याच्या कामातले कळते, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


उभाआडवा

पारिजातक, मी चामड्याच्या वस्तूंच्या आरेखनाचे काम करतो, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नावर जरा लांबण लावतो आहे, ते गोड मानून घ्यावे.

पट्ट्यांची टोके दिसू नयेत यासाठीच सारा खटाटोप केलेला असतो. ही कंपनी १९६६ साली व्हेनेतो प्रांतातल्या विचेन्झा येथे मिकेले ताद्देई आणि रेन्झो झेंजारो यांनी सुरू केली. त्या भागातली शिलाई यंत्रे तयार कपड्यांसाठी बनवलेली होती आणि बॅगांचे जाड चामडे त्यांच्या सुईला पेलत नव्हते, म्हणून या मंडळींनी पातळ आणि मऊ नापा चामडे हाताशी धरले. पातळ चामड्याची अडचण अशी की ते भाराने ताणले जाते आणि शिवणीपाशी फाटते. त्यावर तोड म्हणून त्याच्या पट्ट्या कापून त्या एकमेकींत गुंफल्या गेल्या आणि १९७०च्या दशकात ही वीण, जिला तिकडे इंत्रेचातो म्हणतात, कंपनीची ओळख होऊन बसली. नवारीच्या खाटेवर बसले की भार एका पट्टीवर न येता सगळ्यांत वाटला जातो, तसाच प्रकार येथे होतो, आणि शिवाय प्रत्येक छेदापाशी चामडे दुहेरी होते. एरवी बॅगेवरची नक्षी काढून टाकली तरी बॅग शिल्लक राहते. येथे वीण काढली तर बॅगच उरत नाही. माझ्या मते तिचे आकर्षण प्रथम यात आहे आणि बाकीचे सारे त्यानंतर.

ही वीण दोन प्रकारांनी केली जाते आणि खरेदीला निघताना हा फरक माहीत असलेला बरा. पहिल्या प्रकारात चामड्याच्या एका अखंड तुकड्यावर ओळीने बारीक चिरा पाडलेल्या असतात आणि त्या चिरांतून वेगळी पट्टी वर-खाली ओवत नेली जाते. मागचे चामडे शाबूत असल्यामुळे आकार चांगला धरला जातो. दुसऱ्या प्रकारात असा आधार नसतोच. सुट्या पट्ट्या साच्याभोवती विणत नेतात आणि बॅग तळापासून वर उभी राहते. २००० नंतरच्या काळात गाजलेली काबा ही थोरली, उघड्या तोंडाची पिशवी अशा रीतीने बनते. तिच्या पट्ट्या दोन्ही अंगांनी चामड्याच्याच असल्यामुळे तिला अस्तर लागत नाही आणि आत हात घातला तरी बाहेरच्यासारखाच स्पर्श होतो. अशा एका बॅगेला दोन कारागिरांचे सुमारे दोन दिवस लागतात.

वीण तिरकी असण्यालाही कारण आहे. शिवणकाम येणाऱ्यांना ठाऊक असते की तिरक्या कापाचे कापड ताण देते आणि अंगासरशी बसते. येथेही पट्ट्या तिरक्या असल्यामुळे बॅग भरली की तिचे पोट सुटते आणि रिकामी केली की ती पुन्हा मिटते. अमेरिकेत या विणीला व्यापारचिन्ह म्हणून मान्यता मिळावी यासाठी कंपनी झगडली आणि २०१३ साली तेथील अपील मंडळाने तिच्या बाजूने निकाल दिला. त्यासाठी विणीचे वर्णन करावे लागले ते असे, की ८ ते १२ मिलिमीटर रुंदीच्या चामड्याच्या पट्ट्या साध्या विणीत गुंफलेल्या, ४५ अंशांत कललेल्या आणि वस्तूच्या सगळ्या किंवा जवळजवळ सगळ्या पृष्ठभागावर पसरलेल्या. बॅगेवर नाव लिहायचे नाही असे ठरवलेल्या कंपनीला मिलिमीटर मोजून आपली सही नोंदवून घ्यावी लागली, याची मला गंमत वाटते.

दुकानात गेलात की सर्वांत आधी खालचे कोपरे पाहा. सपाट भागावर वीण सारखी राखणे तुलनेने सोपे असते. पुढची बाजू वळून तळाला मिळते तेथे खरी परीक्षा होते. चांगल्या कामात चौकडा तेथेही तुटत नाही, पट्टी वळणाला किंचित अरुंद होते पण दुमडत नाही, आणि बोट फिरवले तर कोठेही गाठ लागत नाही. वीण ज्या बॅगेत खरोखर भार पेलते ती घ्यावी. केवळ झाकणावर किंवा पट्ट्यावर वीण असलेल्या वस्तूंना या किमतीत मी हात लावणार नाही.


पादोव्हावासी

उभाआडवा यांनी इतके नेमके लिहिले आहे की त्यात भर घालायची ती फक्त स्थानिक माहितीची. मी विचेन्झाच्या शेजारच्या पादोव्हा शहरात राहते. विचेन्झा जिल्ह्यातले आर्झिन्यानो आणि त्याच्या आसपासचे खोरे चामडे कमावण्याच्या उद्योगासाठी इटलीभर प्रसिद्ध आहे, आणि बोत्तेगाची कार्यशाळा तेथून जवळच मोन्तेबेल्लो विचेन्तीनो येथे अठराव्या शतकातल्या एका वाड्यात आहे. २००६ साली कंपनीने नवे कारागीर घडवण्यासाठी स्वतःची शाळा काढली. इकडच्या तरुणांना हे काम शिकायला बसवणे सोपे नाही; माझ्या शेजारच्या आजोबांनी आयुष्यभर चामड्याचे काम केले आणि त्यांचा नातू संगणकाचे शिक्षण घेतो आहे.

नावांचा गुंता सोडवायचा असेल तर बॅगांपेक्षा डिझायनर लक्षात ठेवावेत. २००१ साली गुच्ची समूहाने, जो पुढे केरिंग या फ्रेंच समूहात विलीन झाला, ही डबघाईला आलेली कंपनी विकत घेतली आणि टोमास मायर यांच्या हाती तिची सूत्रे दिली. त्यांनी मधल्या काळात शिरलेली अक्षरे आणि चिन्हे काढून टाकली आणि पुन्हा विणीवर भर दिला. काबा त्यांचीच, आणि व्हेनेता ही अर्धचंद्राकृती मऊ खांद्याची बॅगही त्यांच्याच कारकिर्दीत घरोघरी पोहोचली. घरोघरी म्हणजे अर्थात ज्या घरांना ती परवडत होती त्या. २०१८ मध्ये डॅनियल ली आले आणि त्यांनी पट्टी एकदम रुंद केली, आत गादी भरली, आणि कासेट जन्माला आली. हँडलला गाठ मारलेली जोडी हीसुद्धा लींचीच. २०२१च्या अखेरीस ते गेल्यावर मात्यू ब्लाझी यांनी धातूची गाठ लावलेली आंदियामो आणली. ब्लाझी शनेल या फॅशन कंपनीत गेले आणि २०२५ पासून बोत्तेगात त्यांच्या जागी लुईस ट्रॉटर आहेत.

इतके हात बदलूनही ओळख पुसली गेली नाही, याचे श्रेय मी विणीला देते. १९८० साली आलेल्या 'अमेरिकन जिगोलो' या चित्रपटात अभिनेत्री लॉरेन हटन यांच्या काखेत या कंपनीचा एक साधा विणलेला क्लच, म्हणजे पट्टा नसलेली छोटी बॅग, दिसतो. २०१६ साली कंपनीच्या पन्नाशीनिमित्त मिलानला झालेल्या शोमध्ये सत्तरी ओलांडलेल्या हटनबाई पुन्हा तोच घाट हाती घेऊन मॉडेल गिगी हदीदबरोबर चालत आल्या. चित्रपटातले कपडे आज पाहिले तर तो काळ लगेच ओळखता येतो, पण क्लच पाहून सांगता येत नाही. लाखांच्या घरात पैसे मोजताना हा मुद्दा माझ्यासाठी फार मोठा आहे.

तुमच्या गरजेला काय बसेल ते आता सांगते. काबा देखणी असली तरी ती वरून उघडी असते आणि मोठ्या आकारात रिकामीसुद्धा जड लागते, तेव्हा लोकलसाठी ती बाद. छोटी जोडी मनगटाला लटकवण्यापुरती असते. त्यात दोन फोन गेले की चष्म्याची पंचाईत होईल. मोठी जोडी खांद्यावर छान बसते आणि तिच्या तोंडाला चेन असते, पण चढता-उतरताना आडवी अडकवायला तिला पट्टा नाही. आंदियामोचा पट्टा लांब करून ती आडवी घालता येते, म्हणून माझे मत मधल्या आकाराच्या आंदियामोला.


रोखठोक

सर्वांचा आदर राखून विरोधी सूर लावतो. नाव नसण्याचे एवढे कौतुक चालले आहे, पण ज्यांना कळायचे त्यांना ती वीण रस्त्याच्या पलीकडून कळते आणि ज्यांना कळत नाही त्यांना मोजायचेच नसते, असे हे सरळ गणित आहे. तुमची स्वतःची आद्याक्षरे पुरेशी आहेत, अशा आशयाची जाहिरात हीच कंपनी १९७०च्या दशकात करीत होती. जाहिरात करून साधेपणा विकण्याची ही रीत मला जमत नाही. २०२१च्या जानेवारीत त्यांनी समाजमाध्यमांवरची आपली खाती बंद केली, तर त्याचीही जगभर बातमी झाली. गुपचूप राहण्याचा इतका गाजावाजा दुसऱ्या कोणाला साधला नसेल.

आणि हातच्या कामाचाच प्रश्न असेल, तर कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावरची वेणीही हातानेच घातलेली असते. तेथे शंभर रुपये कमी करून घ्यायला आपण अर्धा तास घालवतो आणि येथे किमतीच्या चिठ्ठीकडे पाहून आपल्याला कारागिरांचा कळवळा येतो. सासूबाईंचे ऐकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.


उभाआडवा

रोखठोक यांचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. या बॅगेच्या किमतीत कारागिराच्या मजुरीचा वाटा किती आणि दुकानाच्या भाड्याचा, जाहिरातीचा किती, हे कोणीही डोळस माणूस विचारणारच, आणि विचारले पाहिजे. नाव न लिहिणे हीसुद्धा मिरवण्याची एक तऱ्हा असू शकते, हेही खरे. पण मिरवणे हा वापरणाऱ्याचा गुण झाला; चामड्याला त्याचे काय?

कोल्हापुरीविषयी मात्र थोडी भर घालतो. तिचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले, जाड आणि कणखर असते. ते मुळात मजबूत असल्यामुळे तिथली वेणी शोभेसाठी असते आणि भार तळ व पट्टे पेलतात. म्हणजे दोन्ही ठिकाणी हातांचे कसब असले तरी वीण वेगवेगळे काम करते. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका शोनंतर केवढा वाद झाला तेही आपण पाहिले. त्या वादाला येथे जागा नाही, त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा.

पारिजातक, रोखठोक यांच्या बोलण्याने तुमचा विचार डळमळला असेल तर एक मधला मार्ग सांगतो. ड्रॅगन डिफ्युजन ही बेल्जियमची कंपनी आहे आणि तिच्या विणलेल्या चामड्याच्या बॅगा दक्षिण भारतातले कारागीर हाताने विणतात. टोपल्यांच्या विणीवरून त्यांचे घाट सुचलेले असतात, चामडे वनस्पतींच्या अर्काने कमावलेले आणि जरा ताठ असते, आणि किंमत बोत्तेगाच्या कितीतरी खाली असते. नापाचा लोण्यासारखा मऊपणा येथे मिळणार नाही, पट्ट्यांच्या कडा उघड्या राहतात आणि चौकडाही ढोबळ असतो. पण त्या वस्तूला स्वतःचा तोरा आहे, आणि ती बोत्तेगाची नक्कल मुळीच नाही. बहुतेक घाट वरून उघडे असतात आणि भिजल्यास सुरुवातीला रंग सोडण्याची शक्यता असते, एवढे लक्षात ठेवावे.


जुनाबाजार

माझ्याकडे मायर यांच्या काळातली व्हेनेता आहे आणि ती मी वापरलेलीच घेतली. नव्या बॅगेच्या निम्म्याहून बरीच कमी किंमत पडली, आणि चामडे आधीच कोणीतरी वापरून मुरवलेले असल्यामुळे ती पहिल्या दिवसापासून अंगाला चिकटून बसली. आत साबरासारखे मखमली अस्तर आहे, खांद्याचा पट्टा रुंद आहे, तोंडाला चेन आहे, आणि तुम्ही सांगितलेले सगळे सामान तिच्यात जाऊन एखादी छत्रीही मावते. ली आणि ब्लाझी यांच्या नव्या घाटांच्या गलबल्यात ही बॅग जरा विस्मरणात गेली, त्यामुळेच ती परवडू लागली आहे.

जुनी घेताना कशावर नजर ठेवावी ते सांगते. नकली बॅगेत पुष्कळदा वीण नसतेच. अखंड चामड्यावर विणीचा ठसा मारलेला असतो. पट्टीच्या कडेखाली नखाचे टोक हलकेच सरकवून पाहावे. खऱ्या विणीत नख किंचित आत शिरते आणि पट्टी परत जागेवर बसते. ठशावर ते नुसते घसरते. यापेक्षा बरी नक्कल असेल तर शिवणीपाशी पाहावे, कारण दोन बाजू जेथे मिळतात तेथे तिरक्या रेषा एकमेकींना नीट भिडतात की अर्ध्यावर तुटतात यावरून पुष्कळ कळते. नाव बाहेर नसल्यामुळे नकली माल ओळखायला हाताचीच मदत होते, आणि म्हणूनच निव्वळ छायाचित्रांवर विसंबू नये.

एका ऑनलाइन विक्रेत्याने मला "उत्तम स्थितीतील" म्हणून पाठवलेल्या दुसऱ्या एका बॅगेत हँडलच्या मुळाशी सुटलेल्या दोन पट्ट्या गोंदाने चिकटवलेल्या होत्या. वरून काही दिसत नव्हते, पण तेवढा भाग दाबला की पुठ्ठ्यासारखा कडक लागत होता. ती मी परत केली. गोंद एकदा आत गेला की वीण हलेनाशी होते आणि ताण शेजारच्या पट्ट्यांवर जातो. त्यामुळे हँडलचे मूळ आणि खालचे कोपरे यांची जवळून काढलेली छायाचित्रे मागावीत, आणि परत करण्याची सोय नसेल तर व्यवहारच करू नये.

नवी घेण्याच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, तो लपवत नाही. २०२२ मध्ये कंपनीने सर्टिफिकेट ऑफ क्राफ्ट नावाची सोय सुरू केली आणि तिच्यात बसणाऱ्या बॅगांची देखभाल व दुरुस्ती कायमस्वरूपी करून मिळते. कोणत्या बॅगेसोबत ते प्रमाणपत्र मिळते आणि भारतातून बॅग कशी पाठवायची, हे दुकानातच स्पष्ट विचारून घ्यावे.


पारिजातक (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. रोखठोक, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला आणि त्यांनी तुम्हाला आशीर्वाद दिले आहेत. पण माझ्यापुरते सांगायचे तर ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीच्या महिला डब्यात ती बॅग कोणीही ओळखणार नाही, आणि मला ते हवेच आहे. चौथ्या सीटवर अर्धे बसून मांडीवर बॅग ठेवली की हाताखाली काहीतरी नीट केलेले असावे, एवढीच इच्छा.

काबा आणि जोडी यादीतून काढल्या. आता कासेट, आंदियामो आणि जुनी व्हेनेता एवढ्यांत निवड आहे. कासेटबद्दल कोणी फारसे लिहिले नाही, आणि पावसाळ्याचा प्रश्न अजून शिल्लक आहे.


उभाआडवा

कासेटबद्दल मी मुद्दामच गप्प होतो, कारण तिचे चाहते पुष्कळ आहेत. तिच्या पट्ट्या इतक्या रुंद आणि फुगीर आहेत की विणीचा चौकडा लांबूनच डोळ्यांत भरतो. पहिल्या नजरेला त्याचा फार प्रभाव पडतो, पण जवळ गेल्यावर पाहण्यासारखे नवे काही उरत नाही. बारीक विणीचे नेमके उलटे असते. लांबून ती नुसते साधे चामडे वाटते आणि जवळ आल्यावर उलगडते. तुम्ही बैठकीत ज्या बॅगेकडे टक लावून बसला होतात ती बारीक विणीचीच असणार, असा माझा अंदाज आहे. शिवाय कासेट आकाराने चपटी असते, तिच्यात वही बसवणे अवघड जाईल.


खाडीकाठ

मी माहीमला खाडीजवळ राहते, त्यामुळे बुरशीवर बोलायचा मला अधिकार आहे. नापा चामडे पावसाळ्यात टिकते, पण त्याला कपाटात विसरून चालत नाही. विणलेल्या बॅगेची खास अडचण अशी की जेथे पट्टीवर पट्टी चढते त्या खाचेत ओल साठते, आणि जुलैत तेथे पांढुरकी पूड दिसू लागते. ती ओल्या फडक्याने पुसली तर आणखी आत जाते. बॅग गॅलरीत, सावलीत आणि वाऱ्यावर ठेवून कोरड्या, मऊ ब्रशने विणीच्या दिशेने, म्हणजे तिरके, झटकावे आणि मग कोरडे सुती कापड फिरवावे. उन्हात ठेवू नये. पट्ट्या आक्रसतात आणि मधे फटी पडतात. खोबरेल तेल तर चुकूनही लावू नये, कारण त्याने डाग पडतात आणि बुरशीला मेजवानी मिळते.

ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी टाळावी आणि बॅगेसोबत मिळणारी कापडी पिशवी वापरावी. आत पांढरा कागद चुरगाळून भरावा. वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या अधूनमधून बदलाव्यात. खुंटीला टांगून ठेवू नये, कारण तिरकी वीण स्वतःच्या वजनानेही हळूहळू ओघळते. तळावर बसवून ठेवावी. सर्वांत चांगला उपाय म्हणजे ती वापरणे. आठवड्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या बॅगेला माझ्याकडे कधी बुरशी लागली नाही, कौतुकाने जपून ठेवलेल्यांना मात्र लागली. धो-धो पावसाच्या दिवशी रेक्झिनची बॅग न्यावी, त्यात कमीपणा काही नाही.


पादोव्हावासी

खरेदीच्या व्यवहाराबद्दल थोडे. दुकानात पारपत्र सोबत न्यावे आणि पैसे देण्याआधीच करपरताव्याचा अर्ज मागावा. इटलीत मूल्यवर्धित कर २२ टक्के आहे आणि ७० युरोंपेक्षा जास्त खरेदीवर परदेशी प्रवाशांना परतावा मिळतो. मात्र मध्यस्थ कंपनीचे शुल्क वजा जाता हातात त्याहून बरेच कमी पडते. युरोपीय संघातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर सीमाशुल्क विभागाची नोंद करून घ्यावी लागते आणि तेथे बॅग दाखवायला सांगू शकतात, म्हणून ती चेक-इनच्या सामानात टाकू नये. मुंबईत उतरल्यावर ती रीतसर जाहीर करून शुल्क भरावे. ते शुल्क धरूनच मुंबईतल्या किमतीशी तुलना करावी, नाही तर बचतीचा हिशेब कागदावरच राहतो.

फ्लोरेन्सजवळ लेच्चो येथे द मॉल नावाचे सवलतीच्या दुकानांचे संकुल आहे आणि तेथे या कंपनीचे दुकान आहे, पण मिलानहून केवळ त्यासाठी जाणे वेळेच्या दृष्टीने परवडणार नाही.


जुनाबाजार

रंगाबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. काळ्या रंगात वीण हरवते. घरातल्या दिव्याखाली ती जवळजवळ सपाट दिसते. फिक्या रंगात खाचांमधला मळ पहिल्याच पावसाळ्यात उठून दिसतो. मध्यम तपकिरी, विटकरी किंवा गडद हिरवा रंग घेतला तर प्रत्येक पट्टीच्या कडेला बारीक सावली पडते आणि चौकडा नीट दिसतो. जीन्सवर घासून निळा रंग चढण्याचा धोकाही गडद रंगात कमी असतो.


पारिजातक (धागाकर्ती)

बरेचसे ठरले. मिलानला मधली आंदियामो हातात घेऊन, आमचे सगळे सामान तिच्यात प्रत्यक्ष घालून पाहीन, आणि खालचे कोपरे मनासारखे वाटले तर विटकरी किंवा तपकिरी रंगात घेईन. तसे झाले नाही तर परत आल्यावर जुनाबाजार यांच्या मार्गदर्शनाखाली व्हेनेता शोधायला लागेन. दुकानात स्वतःचे सामान बॅगेत घालून पाहू देतात का, एवढीच शंका राहिली आहे.


पादोव्हावासी

विनंती केली तर घालू देतात. किल्ल्यांसारख्या टोकदार वस्तू तेवढ्या बाहेर ठेवा. रंग पाहायचा असेल तर बॅग दाराजवळच्या उजेडात न्यायला सांगा, कारण आतले दिवे पिवळट असतात आणि विटकरी रंग त्यात जास्त लाल दिसतो. शनिवारी-रविवारी फार गर्दी असते, म्हणून जमल्यास आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी सकाळी दुकान उघडताच जावे.